वटवाघळांसाठी घर: टांगलं म्हणजे झालं का?

रातकिडा

पक्ष्यांच्या घरट्यांवर इथं दर दोन महिन्यांनी धागा निघतो, वटवाघळांच्या घरांवर मात्र काहीच सापडलं नाही. मधल्या काळात काही सदस्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून जवळपास सारखेच प्रश्न विचारले, तेव्हा म्हटलं एकदाच सगळं मांडावं. सुतारकाम, मोजणी, डागडुजी, ज्याला जे ठाऊक आहे त्यानं भर घालावी. धागा लांबला तरी चालेल.

आधी एक खुलासा. मोठी, फळं खाणारी वटवाघळं झाडांवर उघड्यावर लटकतात, ती पेटीत येणार नाहीत. गुहेच्या छताला मोकळं लटकणाऱ्या जातीही सहसा फिरकत नाहीत. बॅट हाऊस असतं ते किडे खाणाऱ्या, फटीत अंग चोरून बसणाऱ्या छोट्या वटवाघळांसाठी. सुटलेल्या सालीमागे, खडकाच्या भेगेत, कौलांखाली राहणारी ही मंडळी. पिपिस्ट्रेलसारखी जात घ्या, अंगठ्याएवढं धड आणि वजन पाच-सहा ग्रॅम. म्हणजे आपण बनवतो ती मुळात एक कृत्रिम फट. पक्ष्याच्या घरट्यासारखं गोल भोक नाही, बसायला दांडी नाही, तळसुद्धा नाही. खालून उघडी, वरून बंद.

ढोबळ मापं अशी. उंची किमान दोन फूट, रुंदी चौदा इंचांच्या पुढे. आतल्या फळ्यांमधलं अंतर पाऊण ते एक इंच, म्हणजे 19 ते 25 मिमी. मागची फळी खाली चार-सहा इंच जास्त ठेवायची, कारण वटवाघळं उडत येऊन आधी तिच्यावर चिकटतात आणि मग सरपटत वर जातात. जमिनीपासून बारा ते वीस फूट उंची, आणि समोर वीसेक फुटांपर्यंत फांद्या, तारा वगैरे काही आडवं नको. पेटीतून निघताना ती आधी खाली सुटतात आणि मग पंख पसरतात, म्हणून खालची जागा मोकळी लागते.

आता माझं म्हणणं. मापं चुकली तर पेटी रिकामी राहते. वाईट वाटतं, पण कुणाचं नुकसान नाही. तापमान चुकलं तर मात्र पेटी भरते आणि आतली मरतात. पेटीत राहायला येतात त्या बहुतेक वेळा गाभण माद्या असतात. त्यांना ऊब हवी असते, साधारण 27 ते 38 अंशांच्या पट्ट्यात, कारण उबेत पिल्लं भराभर वाढतात. पण चाळिशी ओलांडली की तीच पेटी भट्टी. मोठी उडून जाऊ शकतात, पिल्लं कुठं जाणार? बहुतेक जातींत मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं, त्यामुळे एका उन्हाळ्यात गेलेली पिढी लवकर भरून निघत नाही. स्पेनमध्ये एब्रो नदीच्या त्रिभुज प्रदेशात भातशेतीकडेला अशा पेट्या लावल्या आहेत आणि तिथली वटवाघळं भातावरच्या खोडकिड्याचे पतंग खातात. उदाहरण म्हणून सगळे हेच सांगतात. पण पेट्या तापून वटवाघळं मरण्याचा प्रश्नही तिथल्याच अभ्यासकांनी पुढं आणला, हे कुणी सांगत नाही.

तर पेटी लावणं ही सुरुवात आहे, खरं काम पुढं. बोला.

रंधा

उत्तम धागा. सुतारकामाचं मी घेतो.

लाकूड: बाहेर टिकणारं अर्धा इंची प्लाय, किंवा देवदारासारखं हलकं पण न कुजणारं लाकूड. कीडनाशक मुरवलेलं लाकूड आत अजिबात नको. एके काळी घरांच्या छपराच्या वाशांना लिंडेनसारखी औषधं मारत, आणि त्याच वाशांवर राहणारी वटवाघळं त्यानं मेली. ती लाकडाला अंग घासून बसतात आणि मग अंग चाटून साफ करतात, त्यामुळे लाकडावर जे असेल ते पोटात जातं.

आतला पृष्ठभाग: इथं लोक चुकतात. गुळगुळीत प्लायवर त्यांची नखं ठरत नाहीत. काही जण प्लास्टिकची जाळी ठोकतात. नवी असते तोवर ठीक, पण वर्षा-दोन वर्षांत तिचा ताण जातो, कोपरा सुटतो आणि पंखाची किंवा पायाची बोटं त्यात अडकतात. मी जाळी कधीच वापरत नाही. फळीवर आडव्या खाचा पाडा, अर्ध्या अर्ध्या इंचावर, दीड-दोन मिमी खोल. हातकरवतीनं ओळीनं ओरखडे ओढले तरी काम होतं. रंध्यानं साफ केलेली बाजू बाहेर ठेवा, खडबडीत आत. खाचेवरून तर्जनी खालून वर फिरवून बघायची. नख अडकलं पाहिजे पण कूस टोचता कामा नये. कूस राहिली असेल तर तेवढ्याच जागी पॉलिश पेपर मारा, सगळ्या फळीला नको. आणि हे फक्त आतल्या फळ्यांना नाही, खालच्या उतरायच्या पट्टीलाही करायचं. तीच बहुतेक जण विसरतात.

सांधे: खिळे नकोत, स्क्रू. प्रत्येक सांध्यात बाहेर लावायचं सीलंट, विशेषतः छत आणि मागच्या फळीच्या जोडात. वरून वारा शिरला की ऊब गेली, पाणी शिरलं की प्लायचे पापुद्रे सुटले. छपराला पुढं आणि बाजूंना दोन-तीन इंच वळचण द्या. पेटी फार थंड प्रदेशात नसेल तर खालून सहाएक इंचांवर समोरच्या फळीत हवेसाठी आडवी अर्धा इंची फट ठेवा. वरचा भाग गरम, खालचा गार राहतो आणि वटवाघळं आपापल्या सोयीनं वर-खाली सरकतात. दोन फुटांची उंची का, तर यासाठीच. एक फुटी पेटीत सरकायला जागाच नसते.

रंग: बाहेरून पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचे तीन हात. आत रंग नको, फार तर पाण्यातला गडद स्टेन, तोही खाचा पाडल्यानंतर. आधी मारलात तर खाचेत कोरं लाकूड उघडं पडतं. आणि खाचा भरून जातील असा दाट थर नको.

शंकासुर

वाचतोय. पण एक बाळबोध शंका. एक वटवाघूळ तासाला हजार डास खातं असं सगळीकडे वाचलंय. मग पेटी लावली की डास संपले असं समजायचं का? तसं असेल तर उद्याच लावतो. 😄

रातकिडा

लावा हो, पण डासांसाठी नको.

तो आकडा कुठून आला ते सांगतो. 1960 साली डोनाल्ड ग्रिफिन हा प्राणिशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बंद खोलीत डास सोडून वटवाघळांना शिकार करू दिली. काही मिनिटांत वजन किती वाढलं यावरून मिनिटाला किती किडे पकडले याचा हिशेब काढला. प्रयोग प्रतिध्वनीवरून शिकार कशी करतात हे बघायचा होता. पुढं लोकांनी मिनिटांचे तास केले, खोलीचं अंगण केलं. उघड्यावर वटवाघूळ पतंग, भुंगेरे, पाणमाश्या, जे मिळेल ते खातं. डासही खातं, पण फक्त डास खाऊन पोट भरायला त्याला परवडत नाही, एक पतंग म्हणजे कितीतरी डासांचा ऐवज.

ही हौस जुनी आहे म्हणा. टेक्सासच्या सॅन अँटोनियोत चार्ल्स कॅम्पबेल नावाचे डॉक्टर होते. मलेरियाचे डास वटवाघळांकडून संपवायचे या ध्यासानं त्यांनी मनोरे बांधले. सुरुवातीचे प्रयत्न फसले, मग 1911 मध्ये मिचेल तलावाकाठी बांधलेल्या मनोऱ्यात वटवाघळं राहायला आली. त्यांचाच आराखडा घेऊन 1929 मध्ये फ्लोरिडातल्या शुगरलोफ की बेटावर पर्की नावाच्या गृहस्थांनी असाच मनोरा उभारला, कारण डासांपायी त्यांच्या विश्रामधामाचा धंदा चालेना. वटवाघूळ एकही राहिलं नाही. मनोरा मात्र 2017 च्या इर्मा चक्रीवादळापर्यंत उभा होता, प्रेक्षणीय स्थळ म्हणून!

शंकासुर

हाहा, म्हणजे डासांनी वादळापर्यंत वाट बघितली. बरं, पटलं.

दुसरी शंका मात्र गंभीर आहे. घरात लहान मुलं असताना रेबीजचं काय?

दवबिंदू

हा प्रश्न चेष्टेवारी नेऊ नका कुणी. मी जखमी वन्यप्राण्यांच्या शुश्रूषेचं काम करते म्हणून स्पष्ट लिहिते.

पेटीत वटवाघळं राहतात म्हणून खाली वावरणाऱ्याला रेबीज होत नाही. तो चाव्यातून किंवा लाळ जखमेत, डोळ्यात गेल्यानं होतो. बहुतांश वटवाघळं निरोगी असतात. पण जमिनीवर पडलेलं, दिवसाढवळ्या फडफडणारं वटवाघूळ हे आजारी असण्याची शक्यता जास्त, आणि मुलं नेमकं तेच उचलतात. त्यामुळे घरात एकच नियम: वटवाघळाला उघड्या हातानं शिवायचं नाही, मेलेल्यालाही नाही.

चावलं तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे. दात इतके बारीक असतात की खूण दिसेलच असं नाही. झोपलेल्या माणसाच्या किंवा लहान मुलाच्या खोलीत वटवाघूळ सापडलं तर चावा दिसला नाही तरी डॉक्टरांना विचारायचं. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजवर इलाज नाही, त्याआधी घेतलेली लस मात्र काम करते.

दुसरं, लेंड्या. पेटीखाली साचून वाळलेल्या लेंड्या झाडायच्या नाहीत. त्यात हिस्टोप्लाझ्मोसिसची बुरशी असू शकते, धुळीतून फुप्फुसात जाते. आधी पाणी शिंपडून ओल्या करा, चांगला एन-95 मास्क लावा, मग फावड्यानं उचला. पेटी दारावर, खिडकीवर किंवा बसायच्या जागेच्या वर लावू नका, म्हणजे निम्मा प्रश्न उरतच नाही.

ओवी

वाखुसा (वाचनखूण साठवली). सगळ्यांना धन्यवाद.

माझी पेटी दोन उन्हाळे झाले रिकामी आहे. तयार विकत घेतलेली, एका खणाची (म्हणजे आत एकच फट), मोठ्या झाडाच्या खोडाला लावली आहे. पूर्वेकडे तोंड. वटवाघळं संध्याकाळी आसपास फिरताना दिसतात, पण पेटीत नाहीत. आमिष म्हणून काही ठेवता येतं का? कुणीतरी सांगितलं की जुन्या लेंड्या फासायच्या.

रातकिडा

ओवी, लेंड्या फासून किंवा कसला अर्क शिंपडून ती येत नाहीत. विकणारे विकतात, ते सोडा. दुसरीकडून पकडून आणून सोडणं तर नकोच, ती परत जातात.

गेन्सव्हिलचं प्रकरण यासाठी वाचण्यासारखं आहे. फ्लोरिडा विद्यापीठात 1987 मध्ये एक इमारत जळाली, तिथली वटवाघळं खेळाच्या मैदानातल्या प्रेक्षकांच्या गॅलरीत शिरली. विद्यापीठानं 1991 मध्ये त्यांच्यासाठी मोठं घर बांधलं, वटवाघळं पकडून आत नेऊन ठेवली. ती निघून गेली. घर ओस पडलं. मग 1995 मध्ये एकदाची आपली आपण आली, आणि आता तिथं लाखोंची वस्ती आहे, संध्याकाळी बघायला गर्दी होते. सांगायचा मुद्दा, दोन उन्हाळे म्हणजे फार नव्हे. पण तुमच्या बाबतीत मला जागेचाच संशय आहे. झाडाच्या खोडावर सावली, फांद्या, आणि मांजर-सापांना चढायला आयती शिडी. खांबावर किंवा भिंतीवर लावा.

मोजपट्टी

इथं थोडा विरोध नोंदवतो. "झाडावर नकोच" हा उत्तर अमेरिकेतला अनुभव आहे. युरोपातल्या जंगलांत झाडांवर लावलेल्या पेट्या वर्षानुवर्षं वापरात आहेत. लाकडाचा भुसा आणि सिमेंट एकत्र करून ओतलेल्या जाड भिंतींच्या. लांबकान्या, नॉक्ट्यूल या जाती मुळात झाडाच्या ढोलीतल्या, त्यांना तेच आवडतं. तिथं एकाच झाडावर वेगवेगळ्या दिशांना दोन-तीन पेट्या लावायची पद्धत आहे, म्हणजे ज्या दिवशी जी बाजू सोयीची ती. प्रश्न कुठल्या जातीसाठी लावताय हा आहे.

रातकिडा

मान्य, जंगलात ठीक. पण अंगणातल्या एकट्या झाडावर पातळ प्लायची एका खणाची पेटी, हे दोन्हीकडचं वाईट तेवढं उचलल्यासारखं आहे. ना जाड भिंतींचा संथपणा, ना खांबावरचं ऊन.

मोजपट्टी

त्यावर वाद नाही. 🙂

ओवीताई, पेटी रिकामी आहे हे तुम्ही कशावरून ठरवलं? दिवसा खालून डोकावून दिसलं नाही म्हणून? हे विचारतोय कारण ती एकाच जागी सतत राहत नाहीत. आठवड्यात दोन-तीन ठिकाणं बदलणाऱ्या जाती आहेत: कधी परजीवींपासून सुटका, कधी तापमान. आज नाहीत म्हणजे कधीच नव्हती असं होत नाही.

खाली एक जुनी पांढरी फरशी किंवा ट्रे ठेवा. काळसर, तांदळाच्या दाण्याएवढी लेंडी पडली तर काडीनं चिरडून बघा. वटवाघळाची असेल तर भुकटी होते आणि त्यात किड्यांच्या पंखांचे, कवचांचे चमचमणारे तुकडे दिसतात. उंदराची वाळली की कडक राहते, चुरा होत नाही. पावसानंतर लगेच बघून उपयोग नाही, धुऊन जाते.

मोजणीबद्दल आता जरा सविस्तर, कारण लोक पेट्या लावतात आणि नोंद मात्र "बरीच आहेत" अशी ठेवतात.

सूर्यास्ताच्या पाव तास आधी जाऊन बसा. पेटीच्या थेट खाली नाही, जरा बाजूला, अशा कोनात की पेटीचं तोंड आकाशाच्या पार्श्वभूमीवर येईल. मागं झाड किंवा भिंत आली की संपलं, पाच मिनिटांत काही दिसत नाही. हातात टॅली काउंटर (बटण दाबून आकडा वाढवायचं मोजयंत्र), नजर फक्त पेटीच्या खालच्या कडेवर. आकाशात फिरणाऱ्यांकडे बघायचा मोह होतो, तेवढ्यात इकडे चार निघून जातात. सुरुवात बहुधा अशी होते: आत खसखस, एखादी चिरचिर, मग कडेवर एक नाक येतं, परत आत जातं. पहिलं सुटलं की मग एकामागून एक गळायला लागतात. परत आत शिरणारी वेगळी मोजायची आणि शेवटी वजा करायची. मोठी वसाहत असेल तर दोघं बसा, एक बाहेर येणारी मोजेल, एक आत जाणारी. अंधार पडून दिसेनासं होईपर्यंत किंवा दहा मिनिटं काहीच निघालं नाही तोपर्यंत बसायचं.

टॉर्च पेटीवर मारू नका. मारायचीच तर मंद लाल, तीही वहीवर. पेटीच्या तोंडावर उजेड असला की ती उशिरा निघतात, आणि नेमका किडे जास्त असायचा पहिला अर्धा-पाऊण तास वाया जातो. हेच अंगणातल्या दिव्याबद्दल. पेटीसमोर फ्लडलाइट असेल तर आधी तो बदला, पेटीचं नंतर बघू.

वर्षातून किमान दोनदा मोजा. एकदा पिल्लं उडायला लागण्यापूर्वी, म्हणजे फक्त मोठ्या माद्यांचा आकडा मिळतो. एकदा पिल्लं उडू लागल्यावर. पिल्लू जन्मल्यापासून तीन ते सहा आठवड्यांत उडतं, जातीवर अवलंबून. दोन आकड्यांतल्या फरकावरून यंदाची वीण कशी गेली याचा अंदाज येतो. सोबत तारीख, वेळ, तापमान, वारा, ढग. पावसात किंवा जोराच्या वाऱ्यात मोजलेला आकडा तुलनेला घेऊ नका.

बॅट डिटेक्टर असेल तर सोन्याहून पिवळं. ती ज्या आवाजात बोलतात तो आपल्या कानापलीकडचा असतो, डिटेक्टर तो खाली आणून ऐकवतो. युरोपात कॉमन पिपिस्ट्रेल 45 किलोहर्ट्झच्या आसपास आणि सोप्रानो पिपिस्ट्रेल 55 च्या आसपास. या दोन वेगळ्या जाती आहेत हे विसाव्या शतकाच्या शेवटी लक्षात आलं ते मुख्यतः या आवाजांवरूनच, तोवर एकच समजत होते. पण आसपास फिरणाऱ्याचा आवाज आणि पेटीतून निघणाऱ्याचा आवाज यात डिटेक्टर फरक करत नाही. डोळे लागतातच.

पेटी उघडून आत बघू नका. काही देशांत तो गुन्हाही आहे. ब्रिटनमध्ये वटवाघळं राहत असलेली पेटी परवान्याशिवाय उघडता येत नाही. आणि कायदा नसला तरी पिल्लांच्या दिवसांत त्रास दिला तर मादी पिल्लू सोडून जाऊ शकते.

कडुनिंब

+१ मोजपट्टी. अशा प्रतिसादांसाठी हे संस्थळ.

आमच्याकडे उन्हाळा कडक असतो. रंगाचं नक्की काय करायचं? माझ्याकडे आलेली पेटी काळी कुळकुळीत आहे.

रातकिडा

काळी पेटी थंड देशांसाठी. अमेरिकेतली बॅट कॉन्झर्वेशन इंटरनॅशनल ही संस्था मर्लिन टटल यांनी 1982 मध्ये सुरू केली. बॅट हाऊसची आज फिरणारी बरीचशी मापं तिच्या कामातून आलेली आहेत. रंगाचा जुना ठोकताळा असा: सर्वांत गरम महिन्यात रोजचं कमाल तापमान सरासरी 29 अंशांच्या आत राहत असेल तर काळा किंवा गडद, 38 च्या वर जात असेल तर पांढरा, मधल्या पट्ट्यात तपकिरीपासून फिक्या राखाडीपर्यंत. मी याहून एक पायरी फिकाच घेईन. सरासरी आपल्या जागी असते, पण वटवाघळं मारते ती उष्णतेची एखादी लाट.

ठोकताळ्यावर विसंबण्यापेक्षा मोजा. बोटाएवढा तापमान नोंदवणारा लॉगर मिळतो. वटवाघळं यायच्या आधी तो पेटीत सर्वांत वरच्या भागात चिकटवा, दुसरा बाहेर सावलीत. पंधरा मिनिटांनी एक नोंद. आठवडाभर तापलेल्या दिवसांत ठेवून मग आलेख बघा. वरच्या भागात चाळीसच्या पुढे गेलं आणि खालच्या भागातही तीच गत असेल, तर पेटीत पळायला जागा नाही असा अर्थ. मग रंग फिका करा, छपरावर एक इंच हवेची पोकळी सोडून दुसरं छप्पर बसवा, दुपारनंतर सावली येईल अशी जागा निवडा. सकाळचं ऊन हवं, दुपारचं नको.

आणि एकट्या पेटीवर थांबू नका. दोन लावा, एक उन्हाची, एक सावलीची. निवड त्यांच्यावर सोपवा, आपल्याला त्यांच्याइतकं कळत नाही. एका खांबाला पाठीला पाठ लावून दोन बसवता येतात. किंवा रॉकेट बॉक्स, म्हणजे खांबाभोवती चौकोनी नळकांडं आणि त्याबाहेर दुसरं. आत चारी बाजूंनी फिरता येतं, उन्हाप्रमाणे सरकता येतं. बनवायला वेळखाऊ आहे, रंधा सांगतील.

रंधा

वेळखाऊ आहे आणि जडही. खांब तसाच भक्कम घ्या. पाया काँक्रीटचा, आणि खांबाला मध्यावर पत्र्याचं कॉलर, म्हणजे साप-मांजर वर चढत नाही.

दवबिंदू

उन्हाळ्याचं निघालंच आहे तर: पेटीखाली पिल्लू पडलेलं सापडलं तर काय करायचं, हे आधीच वाचून ठेवा. त्या वेळी शोधत बसाल तर उशीर होतो.

जाड हातमोजे, किंवा नसतील तर चार पदरी फडकं. पुठ्ठ्याचा छोटा खोका, हवेला बारीक भोकं, आत सुती कापड लटकवायला आणि बाटलीच्या झाकणात पाणी. दूध देऊ नका. कुठलंही. अंधारात, शांत जागी, मांजरापासून लांब ठेवा. अंगावर जखम नसेल आणि चपळ असेल तर संध्याकाळी पेटीच्या खांबावर किंवा भिंतीवर खरखरीत कापड उंच बांधून त्यावर ठेवायचं. बऱ्याचदा आई येऊन घेऊन जाते. जमिनीवर ठेवलं तर मुंग्याच येतात. जखम असेल, मांजरानं धरलेलं असेल किंवा सकाळपर्यंत तिथंच असेल तर तुमच्या भागातल्या वन्यजीव शुश्रूषा केंद्राला किंवा वनखात्याला कळवा. घरी वाढवायचा प्रयत्न करू नका.

एकाच दुपारी दोन-चार पिल्लं खाली पडली तर तो अपघात नाही, पेटी तापली आहे. तेव्हा शिडी लावून पेटी हलवायची नाही, आत अजून असतात. वरून चादर किंवा फळी बांधून सावली करा, लांबून. बाकी बदल ती निघून गेल्यावर.

निवांत

आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर पाकोळ्यांनी, म्हणजे छोट्या वटवाघळांनी, ठाण मांडलं आहे. घरच्यांचं म्हणणं, गवंड्याला बोलावून फटी बुजवून टाका. बाहेर पेटी लावली तर त्या तिकडे जातील का?

रातकिडा

गवंड्याला जरा थांबवा. पिल्लांच्या दिवसांत फटी बुजवल्या तर आत उडता न येणारी पिल्लं अडकून मरतात, वर वास आणि माश्या. आधी पेट्या लावा, शक्यतो जिथून त्या ये-जा करतात त्याच्या जवळ, त्याच दिशेला. एक हंगाम आधीच लावल्या तर उत्तम, त्यांना माहिती होते. पिल्लं उडू लागली आणि सगळ्या बाहेर शिकारीला जाऊ लागल्या की मुख्य फटीवर एकतर्फी वाट बसवायची: वरून आणि बाजूंनी चिकटवलेली, खाली मोकळी लोंबणारी बारीक जाळी. बाहेर पडता येतं, आत शिरता येत नाही. बाकीच्या फटी आधी बुजवायच्या. आठवडाभर संध्याकाळी बसून कुणी निघत नाही याची खात्री करा, मग शेवटची फट. थंड प्रदेशात आत शीतनिद्रेत असतील तर हे थंडीतही करायचं नाही.

पेटीत जातीलच याची हमी नाही. माळा मोठा, ऐसपैस, तापमानाला वीस कोपरे. तेवढी सोय दोन फुटी पेटीत कुठून येणार? म्हणून मोठी, तीन-चार खणांची पेटी घ्या. वसाहत बरीच मोठी असेल तर वनखात्याशी बोलूनच हात घाला.

शंकासुर

शेवटची शंका, मग गप्प बसतो. पेटी एकदा भरली की मग काय? दरवर्षी झाडलोट?

रंधा

झाडलोट जवळपास नाही, कारण तळ नाही, लेंड्या आपोआप खाली पडतात. तळ असलेली पेटी असेल तर तो काढून टाका.

दरवर्षी करायचं ते रिकाम्या दिवसांत. थंड प्रदेशात हिवाळ्यात, जिथं ती बारमाही राहतात तिथं पिल्लांचा हंगाम टळल्यावर. खालून टॉर्च मारून रिकामी असल्याची खात्री करा. गांधीलमाश्यांची, कुंभारमाशीची मातीची घरं खरवडून काढा, एकेका खणात ती बोळा बसवल्यागत बसतात. मग सांधे बघा. छताच्या जोडावर पाण्याची बाटली रिकामी करून आत ओल येते का ते तपासायचं. सीलंट सुटलं असेल तर जुनं पूर्ण काढून नवं भरा, वरून थर देऊन उपयोग नाही. रंग उडाला असेल तर एक हात. हे सगळं झाल्यावर वास जाईपर्यंत काही आठवडे जाऊ द्या.

स्क्रू आणि आधार मात्र दरवर्षी बघायचेच. रातकिडानं गेन्सव्हिल सांगितलं, त्याचा पुढचा भाग असा की 2009 मध्ये तिथल्या आतल्या फळ्या वटवाघळांच्या भारानं कोसळल्या, काही मेलीही. दहा-बारा ग्रॅमचं एकेक, पण हजारोंनी लटकली की वजन होतं. पुढं त्यांनी आतली रचना नव्यानं केली आणि शेजारी दुसरी इमारत बांधली. आपल्या पेटीत एवढी येणार नाहीत, पण ओलं प्लाय आणि गंजका स्क्रू असेल तर वारासुद्धा पुरतो.

मोजपट्टी

एक भर. ज्यांच्या पेट्या दोन-तीन ठिकाणी आहेत त्यांनी शिडी, ब्रश, हातमोजे एका पेटीवरून दुसरीकडे नेताना धुवून, निर्जंतुक करून न्यावे. उत्तर अमेरिकेत 2006 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत नाकावर पांढरी बुरशी आलेली वटवाघळं दिसली, आणि त्या व्हाइट-नोज आजारानं पुढं लाखोंनी मेली. ती बुरशी मुख्यतः एका वटवाघळाकडून दुसऱ्याकडे जाते, पण माणसांच्या बुटांवरून आणि सामानावरूनही जाऊ शकते. गुहेत फिरलेले बूट घालून पेटीखाली येऊ नका.

ओवी

सगळ्यांचे आभार. मग मी असं ठरवतेय: झाडावरची पेटी काढून घराच्या भिंतीला, वळचणीखाली, पूर्वेकडे. शिवाय तीन खणांची दुसरी, खांबावर. या रविवारी भाऊ येणार आहे, शिडी त्याच्याकडे आहे.

रंधा

रविवारी काढू नका. आधी मोजपट्टीनं सांगितलेली फरशी खाली ठेवा आणि दोन-तीन संध्याकाळी बसून बघा. खालून टॉर्चही एकदाच, दिवसा, झटकन. काही नसेल तरच हात लावा. खांबासाठी खड्डा मात्र रविवारी घ्यायला हरकत नाही, काँक्रीटला सुकायला वेळ लागतोच. तीन खणांच्या पेटीची कटिंगची मापं व्यनि करतो, प्लायचा एक पूर्ण ताव आणू नका, अर्ध्यात बसते.